स्नॅपशॉट घेताना ‘जागा संपली’ आले, तर नेमके काय संपले?

रात्री ठरलेल्या वेळी बॅकअपची स्क्रिप्ट सुरू होते, चालत्या सर्व्हरचा स्नॅपशॉट घ्यायला जाते आणि लॉगमध्ये एकच ओळ टाकून थांबते: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. सकाळी तुम्ही ‘डीएफ -एच’ चालवून पाहता, तर त्याच डिस्कवर २०० गिगाबाइट मोकळे दिसतात. अशा वेळी काही जण स्क्रिप्ट पुन्हा चालवतात, ती चालून जाते आणि विषय तिथेच मिटतो. बाकीचे घाईघाईने जुने लॉग, जुने डंप, कधी कधी जुने बॅकअपही उडवतात. पहिल्या मार्गाने दुखणे तसेच राहते. दुसऱ्याने मागच्या तारखेची शाबूत प्रतही हातची जाते, आणि जागा मात्र फारशी सुटत नाही. ती का सुटत नाही, ते पुढे येईलच.

यंत्र इथे थाप मारत नसते. कुठली तरी जागा खरोखरच संपलेली असते. फक्त ती ‘डीएफ’ दाखवतो ती जागा नसते. म्हणून अशी ओळ दिसली की पहिला प्रश्न ‘काय उडवू?’ हा नाही, ‘कोणता साठा संपला?’ हा आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत काहीही उडवू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लिनक्समध्ये या तक्रारीचा क्रमांक २८. प्रोग्रॅमरांच्या बोलीत ‘ईएनओएसपीसी’. कर्नेलच्या कितीतरी वेगवेगळ्या भागांना काही अपुरे पडले की ते हाच एक क्रमांक परत करतात, आणि वरचा प्रोग्रॅम त्याचे एकच ठरलेले वाक्य छापतो. डिस्कशी काहीही संबंध नसतानासुद्धा हे वाक्य येऊ शकते. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफाय सुविधेची प्रत्येक वापरकर्त्यामागची मर्यादा संपली, तरी हाच २८ क्रमांक येतो. सिस्टिम-फाइव्ह पद्धतीच्या सेमाफोरांची मर्यादा ओलांडली तरी हाच. पोस्टग्रेसच्या अधिकृत कागदपत्रांत तर मुद्दाम लिहून ठेवले आहे की सेमाफोर तयार होत नसताना येणाऱ्या या वाक्याचा अर्थ डिस्क भरली असा नाही. फ्रीबीएसडीच्या यूएफएस फाइलसिस्टिमवर एका वेळी जास्तीत जास्त २० स्नॅपशॉट राहू शकतात. एकविसावा घ्यायला गेलात, तर डिस्क अर्धी रिकामी असली तरी कर्नेल ‘जागा नाही’ असेच सांगते, कारण नोंदीच्या तक्त्यात एकविसावा रकाना नसतो.

आता चालत्या, गजबजलेल्या फाइलसिस्टिमकडे येऊ. स्नॅपशॉट नसतो तेव्हा आपल्या मनात दोन साध्या समजुती पक्क्या असतात. जुन्या फाइलीवरच पुन्हा लिहिले तर नवी जागा लागत नाही, आणि फाइल काढून टाकली तर जागा परत मिळते. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणापासून या दोन्ही समजुती खोट्या ठरतात. जुना मजकूर स्नॅपशॉटला हवा असतो, त्यामुळे त्याच जागी लिहायचे म्हटले तरी नवी जागा शोधावी लागते. काढून टाकलेल्या फाइलीही स्नॅपशॉट धरून ठेवतो, त्यामुळे त्यांची जागा सुटत नाही. जिथे क्वचितच काही बदलते अशा डिस्कवर हा फरक जाणवतही नाही. पण सेकंदाला शेकडो नोंदी बदलणाऱ्या डेटाबेसच्या डिस्कवर, स्नॅपशॉट उभा असतानाचे दोन-तीन तास हा वेगळाच कारभार असतो. या लेखातल्या बहुतेक अडचणी याच दोन उलटलेल्या नियमांतून निघतात.

पुरावा त्याच मिनिटाला गोळा करा

अशा तक्रारींचा छडा लागत नाही, याचे मोठे कारण म्हणजे सकाळपर्यंत सगळे पूर्ववत झालेले असते. स्क्रिप्ट अपयशी ठरली की मागची आवराआवर करते, स्नॅपशॉट काढून टाकते, आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आवराआवरीच्या आधी काही ओळी घाला: काम फसले तर तारीख-वेळ, ‘डीएफ -एच’, ‘डीएफ -आय’, ‘माउंट’, कर्नेलच्या संदेशांच्या शेवटच्या शंभर ओळी, आणि तुम्ही वापरता त्या व्यवस्थेचा स्वतःचा हिशेब, म्हणजे एलव्हीएमसाठी ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस -ए’, झेडएफएससाठी ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’, बीटीआरएफएससाठी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’. हे सगळे त्याच डिस्कवर लिहू नका. दुसऱ्या यंत्रावर पाठवा. हे एवढे केलेत तर निम्मे प्रश्न पुढच्याच रात्री सुटतात, असा माझा ठाम विश्वास आहे.

दुसरी गोष्ट, ओरडले कोण ते नीट वाचा. ‘एलव्हीक्रिएट’ने नकार दिला, चालत्या डेटाबेसने तक्रार केली, स्नॅपशॉट वाचणाऱ्या ‘आरसिंक’ने केली, की बॅकअप जिथे साठवला जातो त्या दुसऱ्या टोकाच्या डिस्कने? ‘आरसिंक’ त्रुटीच्या ओळीच्या शेवटी कंसात २८ हा आकडा देतो आणि फाइलीचा मार्गही देतो; तो मार्ग कोणत्या बाजूचा आहे ते पाहा. पुष्कळ वेळा स्नॅपशॉट निर्दोष असतो आणि भरलेली असते ती तात्पुरत्या फाइलींची ‘टीएमपी’ डिरेक्टरी. काही वितरणांत ती मेमरीत बसवलेली असते आणि तिची मूलभूत मर्यादा मेमरीच्या निम्मी असते. संकुचन करणारा एखादा प्रोग्रॅम तिथे मोठी फाइल मांडू लागला की संपलेच. ओरडणारा सापडत नसेल तर ‘एसट्रेस -एफ’ लावून कोणत्या सिस्टिम कॉलने २८ परत केला ते पाहता येते. चालत्या सर्व्हरवर एसट्रेसने वेग मंदावतो, तेव्हा तो फक्त बॅकअपच्या प्रक्रियेला लावा, डेटाबेसला नको.

एलव्हीएम: मोकळी जागा आहे, पण कोणाच्या हद्दीत?

लिनक्सवर सर्वाधिक घोटाळा होतो तो इथे. एलव्हीएमच्या रचनेत खाली व्हॉल्यूम ग्रुप असतो, त्यातून कापून लॉजिकल व्हॉल्यूम काढलेले असतात आणि त्यांच्यावर एक्स्ट४ किंवा एक्सएफएस बसलेली असते. ‘डीएफ’ सांगतो ती जागा फाइलसिस्टिमच्या पोटातली. नेहमीच्या पद्धतीचा स्नॅपशॉट मात्र व्हॉल्यूम ग्रुपमधल्या, अजून कोणालाही न दिलेल्या जागेतून कापला जातो. सर्व्हर बसवताना इन्स्टॉलरने सगळीच्या सगळी जागा एका व्हॉल्यूमला देऊन टाकली असेल, तर ‘व्हीजीएस’च्या ‘व्हीफ्री’ रकान्यात शून्य दिसेल आणि ‘एलव्हीक्रिएट’ ‘इन्सफिशिअंट फ्री स्पेस’ म्हणून परत फिरवेल. फाइली कितीही उडवा, हे शून्य हलणार नाही. उपाय दोनच: व्हॉल्यूम ग्रुपमध्ये नवी डिस्क घालणे, किंवा एखादा व्हॉल्यूम लहान करणे. एक्सएफएस अशी सहजासहजी लहान करता येत नाही आणि एक्स्ट४ लहान करायची तर ती आधी उतरवावी लागते, म्हणून मी नवी डिस्क घालण्याच्याच बाजूचा आहे. नवा सर्व्हर बसवणाऱ्यांनी तर व्हॉल्यूम ग्रुपचा काही भाग पहिल्या दिवसापासून कोणालाही न देता राखून ठेवावा.

समजा जागा होती, ५ गिगाबाइटचा स्नॅपशॉट निघाला, बॅकअप सुरू झाला आणि तासाभराने वाचताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ येऊ लागला. हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा. मूळ व्हॉल्यूमवरच्या एखाद्या तुकड्यावर स्नॅपशॉटनंतर पहिल्यांदा लिहिले जाते, तेव्हा त्या तुकड्याचा जुना मजकूर आधी स्नॅपशॉटच्या राखीव जागेत नकलला जातो. तुकडा साधारणपणे ४ किलोबाइटचा असतो. त्याच तुकड्यावर दुसऱ्यांदा, दहाव्यांदा लिहिले तरी पुन्हा नक्कल होत नाही. राखीव जागा भरली की एलव्हीएम मूळ व्हॉल्यूम वाचवते आणि स्नॅपशॉट बाद करते. कर्नेलच्या संदेशांत ‘इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट: अनेबल टू अलोकेट एक्सेप्शन’ अशी ओळ सापडते. तुमचा चालता कारभार सुरक्षित असतो, पण तो स्नॅपशॉट गेला तो गेला. मग त्याला वाढवून उपयोग नाही, ‘एलव्हीरिमूव्ह’ करून नवाच घ्यावा लागतो.

तेव्हा स्नॅपशॉट किती मोठा घ्यावा? मूळ व्हॉल्यूमच्या दहा टक्के, वीस टक्के असे ठोकताळे ऐकायला मिळतात. मी ते वापरू नका असे सांगेन, कारण लागणारी जागा व्हॉल्यूमच्या आकारावर नाही, स्नॅपशॉट उभा असताना किती निरनिराळे तुकडे बदलतात यावर ठरते. ते मोजता येते. एका कामाच्या दिवशी, बॅकअपच्याच वेळेला, ऐसपैस आकाराचा स्नॅपशॉट घ्या आणि दर पाच मिनिटांनी ‘एलव्हीएस’मधल्या ‘डेटा’ टक्केवारीची नोंद ठेवा. सुरुवातीला रेषा झपाट्याने चढते, मग हळूहळू सपाट होते, कारण नेहमी लिहिले जाणारे तुकडे एकदाच मोजले जातात. महिनाअखेर, पगाराचा दिवस, निकालाचा दिवस अशा गर्दीच्या वेळचीही एक नोंद घ्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला निदान दीडपट धरा. बॅकअप कधीतरी नेटवर्कच्या मंदपणामुळे दुप्पट वेळ चालतो, त्याची तजवीज यात होते.

आपोआप वाढण्याची सोयही आहे. एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘स्नॅपशॉट ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्ड’ नावाचे सेटिंग आहे (शब्द अधोरेषेने जोडून लिहायचे). मुळात त्याची किंमत १०० असते, म्हणजे सोय बंद. ती ७० केली की स्नॅपशॉट ७० टक्के भरताच त्याच्याच आकाराच्या २० टक्क्यांनी वाढतो. पण ‘डीएमइव्हेंटडी’ ही पाळत ठेवणारी सेवा चालू नसेल तर काहीच होत नाही, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा नसेल तरीही नाही. शिवाय स्नॅपशॉट फारच लहान घेतला असेल, तर पाळत ठेवणारी सेवा जागी होईपर्यंत तो भरून जातो. एक गिगाबाइटच्या स्नॅपशॉटचे उरलेले ३०० मेगाबाइट वेगवान डिस्कवर क्षणात जातात. ही सोय मोजमापाला पर्याय नाही.

थिन पूल वापरत असाल तर गोष्ट वेगळी. इथे स्नॅपशॉटला आकार द्यावा लागत नाही. सगळे एकाच पूलमधून घेतात. पूलचे मात्र दोन साठे असतात, एक मजकुराचा आणि एक नोंदींचा म्हणजे मेटाडेटाचा. गजबजलेल्या फाइलसिस्टिमवर अनेक स्नॅपशॉट ठेवले की सामाईक तुकडे वेगळे होत जातात, प्रत्येकाची नवी नोंद करावी लागते आणि मजकुराला भरपूर जागा असतानाच नोंदींचा साठा संपतो. ‘एलव्हीएस -ए’मध्ये ‘मेटा’ टक्केवारीचा रकाना त्यासाठीच आहे. लोक त्याच्याकडे बघत नाहीत, ही माझी खरी खंत आहे. नोंदींचा साठा पुरता भरला तर पूल फक्त वाचण्यापुरता उरतो आणि दुरुस्तीला घ्यावा लागतो. त्याआधी ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘पूलमेटाडेटासाइझ’ पर्याय देऊन तो चालत्या स्थितीत वाढवता येतो.

थिन पूलवर ‘जागा नाही’ची निव्वळ खोटी वाटणारी आणखी एक तऱ्हा आहे. आपोआप वाढीची पातळी ८० ठेवलेली असेल आणि पूल ८३ टक्के भरलेला असेल, तर नवा स्नॅपशॉट मागताच एलव्हीएम ‘फ्री स्पेस इन थिन पूल रीच्ड थ्रेशोल्ड’ असे सांगून नकार देते. सतरा टक्के शिल्लक असतात, पण वाढीला व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा न उरल्यामुळे पूल पातळीच्या खाली येऊ शकलेला नसतो. पातळी ९५ करून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. तसे करू नका. पूल खरोखर भरला तर मूलभूत सेटिंगनुसार लिहिणारे प्रोग्रॅम ६० सेकंद ताटकळतात आणि मग त्यांचे लिखाण फसते. आणि वरची फाइलसिस्टिम, जिला पूलचे अस्तित्वच ठाऊक नसते, ती तेव्हाही अर्धी रिकामी असल्याचे सांगत राहते. पूलला जागा द्या, किंवा जुने स्नॅपशॉट काढा. नुसत्या फाइली काढल्या असतील तर ‘एफएसट्रिम’ चालवल्याशिवाय त्यांची जागा पूलला कळत नाही, आणि त्या फाइली एखाद्या स्नॅपशॉटमध्ये असतील तर तेवढ्यानेही भागत नाही.

झेडएफएस: आधीच दिलेला शब्द

झेडएफएसवरचा स्नॅपशॉट घेताना काहीच जागा खात नाही, असे सगळे सांगतात, आणि ते बरोबरही आहे. तरीही ‘कॅनॉट क्रिएट स्नॅपशॉट: आउट ऑफ स्पेस’ येते. आभासी यंत्रांच्या डिस्क ठेवणाऱ्यांना हे हमखास भेटते. १०० गिगाबाइटचा झेडव्हॉल, म्हणजे पूलमधून दिलेली आभासी डिस्क, साध्या पद्धतीने तयार केला की झेडएफएस त्याच्यावर ‘रेफरिझर्व्हेशन’ लावते. पूल त्या झेडव्हॉलला शब्द देतो की तुझे सगळे १०० गिगाबाइट कधीही लिहून काढलेस तरी जागा कमी पडणार नाही. त्यात आज ६० गिगाबाइट मजकूर आहे असे धरा. आता स्नॅपशॉट घेतला, तर तो ६० गिगाबाइट मजकूर स्नॅपशॉट धरून ठेवणार, आणि उद्या झेडव्हॉलने सगळे पुन्हा लिहायचे ठरवले तर दिलेला शब्द पाळण्यासाठी आणखी ६० गिगाबाइट लागणार. पूलमध्ये राखीव सोडून तेवढे मोकळे नसतील तर झेडएफएस स्नॅपशॉटच नाकारते. एक बाइटही लिहिण्याआधी केलेला हा हिशेब आहे, आणि माझ्या मते तो प्रामाणिक आहे.

उपाय निवडताना हे लक्षात घ्या. ‘झेडएफएस सेट रेफरिझर्व्हेशन=नन’ केले की स्नॅपशॉट लगेच निघतो. पण त्याबरोबर शब्दही मागे घेतला जातो. पूल भरला तर आभासी यंत्राचे लिखाण मध्येच अडेल. पूलच्या भरण्यावर नीट पाळत असेल तरच हे करा. नसेल तर पूल वाढवा. आणि कोणत्या झेडव्हॉलवर किती राखीव आहे ते आधी ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’मध्ये बघा: मजकूर किती, स्नॅपशॉटांनी किती धरले, राखीव किती, हे तिथे वेगवेगळ्या रकान्यांत दिसते.

झेडएफएसवर आणखी दोन गोष्टी फसवतात. ‘झेडपूल लिस्ट’मधली मोकळी जागा ‘झेडएफएस लिस्ट’पेक्षा जास्त असते, कारण पूल स्वतःच्या कामासाठी साधारण बत्तिसावा भाग राखून ठेवतो (नव्या आवृत्त्यांत त्याला १२८ गिगाबाइटची कमाल मर्यादा आहे), आणि रेडझेडमध्ये पहिल्या आकड्यात पॅरिटीही मोजलेली असते. भरवसा ‘झेडएफएस लिस्ट’वर ठेवा. दुसरे, मोठा स्नॅपशॉट काढल्यावर जागा हळूहळू परत येते. ‘झेडपूल गेट फ्रीइंग’ने किती बाकी आहे ते कळते. ते शून्य होईपर्यंत थांबा. त्याआधी घाबरून आणखी काही काढू नका.

बीटीआरएफएस: मोकळे असून न मिळणारे

बीटीआरएफएस डिस्क मोठमोठ्या खंडांत वाटते. मजकुराचा खंड साधारण १ गिगाबाइटचा, नोंदींचा बहुधा २५६ मेगाबाइटचा किंवा मोठ्या फाइलसिस्टिमवर १ गिगाबाइटचा. एकदा मजकुराला दिलेला खंड अर्धा रिकामा असला तरी नोंदींना वापरता येत नाही. एका डिस्कवर नोंदी सहसा दुहेरी ठेवल्या जातात, तेव्हा त्यांना जागाही दुप्पट लागते. वर्षभर फाइली येत-जात राहिल्या की सगळे खंड मजकुराच्या नावावर जातात, त्यात भोके भोके उरतात, आणि ‘डीएफ’ त्या भोकांची बेरीज करून ‘८० गिगाबाइट मोकळे’ असे सांगतो. स्नॅपशॉटला हव्या असतात नोंदी, आणि त्यांच्यासाठी एकही कोरा खंड शिल्लक नसतो.

त्यात गर्दीची भर पडते. फाइलसिस्टिमच्या नोंदींचे झाड किती फुटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बीटीआरएफएस प्रत्येक बदलासाठी सर्वांत वाईट शक्यता धरून जागा अडवते. नोंदीचे पान १६ किलोबाइटचे, झाडाची उंची जास्तीत जास्त ८, आणि त्याची दुप्पट: एका नव्या नोंदीमागे २५६ किलोबाइट तात्पुरते राखीव. प्रत्यक्षात त्यातला फार थोडा भाग लागतो आणि बाकीचा लगेच परत होतो. आमंत्रण दिलेली सगळी घरे सहकुटुंब येतील असे धरून शिधा काढून ठेवावा, तसे हे आहे. पण एकाच वेळी शेकडो प्रक्रिया लिहीत असल्या, तर राखून ठेवलेल्याची बेरीज प्रत्यक्ष साठ्याच्या पलीकडे जाते. त्याच क्षणी स्नॅपशॉट मागितला तर उत्तर येते ‘जागा नाही’. दहा सेकंदांनी मागितला तर तो निघतो. रात्री फसलेले सकाळी चालते ते यामुळे.

‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’मध्ये तीन गोष्टी पाहा: ‘डिव्हाइस अनअलोकेटेड’ किती, ‘मेटाडेटा’च्या दिलेल्या आणि वापरलेल्या आकड्यांत किती अंतर, आणि ‘ग्लोबल रिझर्व्ह’मधले वापरलेले शून्य आहे का. पहिला आकडा एक-दोन गिगाबाइटच्या खाली आला असेल तर दुखणे सापडले. ‘बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट’ला ‘-डीयुसेज=५’ देऊन जवळजवळ रिकामे असलेले मजकुराचे खंड मोकळे करा, मग १०, २० असे चढत जा. एकदम शंभरावर जाऊ नका. चालत्या सर्व्हरचा श्वास कोंडेल. नोंदींच्या खंडांना बॅलन्स लावू नका, कारण त्यांना मिळालेली जागा तशीच राहिलेली बरी. बॅलन्सलाच ‘जागा नाही’ आले, तर एक भरवशाची बाहेरची डिस्क तात्पुरती जोडा, बॅलन्स करा, आणि मग ती ‘डिव्हाइस रिमूव्ह’ने रीतसर बाहेर काढा. वायर उपटून नव्हे.

याच फाइलसिस्टिमवरची एक जुनी चूक आवर्जून सांगण्यासारखी आहे. डेटाबेसच्या फाइलींवर ‘नो-कॉव’ लावलेले असले, तर लिखाण जागच्या जागी होते आणि नवी जागा लागत नाही. जागा कमी असताना असे लिखाण मेमरीत स्वीकारले गेले आणि ते डिस्कवर उतरण्याआधीच स्नॅपशॉट आला, तर ते जबरदस्तीने नव्या जागी न्यावे लागे. ती जागा नसे, आणि प्रोग्रॅमला कळण्याआधीच मजकूर हरवे. कर्नेलमध्ये ही चूक २०१८ मध्ये दुरुस्त झाली. जुने कर्नेल चालवणाऱ्यांनी ते बदलण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे. नव्या कर्नेलवरही स्नॅपशॉटनंतरचे पहिले लिखाण नव्या जागीच जाते, हे ध्यानात ठेवून जागा शिल्लक ठेवा. आणि स्नॅपशॉट असताना ‘डीफ्रॅगमेंट’ चालवू नका, सामाईक मजकूर वेगळा होऊन जागा दुपटीने खर्च होते.

बाकीची कारणे भराभर

एक्स्ट४वर ‘डीएफ -आय’ पाहा. मूलभूत मांडणीत दर १६ किलोबाइटला एक आयनोड (फाइलीची नोंद), म्हणजे १०० गिगाबाइटवर सुमारे ६५ लाख. लहान लहान सेशन फाइलींनी ते संपतात. एकाच डिरेक्टरीत लाखो-कोट्यवधी फाइली असतील तर तिची अनुक्रमणिका भरते आणि फक्त त्या डिरेक्टरीपुरते २८ येते. कर्नेलच्या संदेशांत डिरेक्टरीचा ‘इंडेक्स फुल’ झाल्याची ओळ मिळते. एक्स्ट४ पाच टक्के जागा रूटसाठी राखते, ४ टेराबाइटवर ही २०० गिगाबाइट होते; बॅकअप साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर त्याला ती मिळत नाही. निव्वळ साठ्याच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस -एम १’ करायला हरकत नाही, रूटच्या डिस्कवर मात्र पाच टक्के राहू द्या. एक्सएफएसवर प्रोजेक्ट कोटा लावलेला असेल तर तो ओलांडल्यावर ‘कोटा संपला’ असे न येता ‘जागा नाही’ असेच येते. आणि काढलेली पण अजून एखाद्या प्रक्रियेने उघडी ठेवलेली फाइल जागा सोडत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ ती दाखवतो, ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते.

पुन्हा घडू नये म्हणून

स्नॅपशॉटची वेळ निवडताना बाकीच्या कामांचे वेळापत्रक शेजारी मांडा. लॉग गुंडाळणे, इंडेक्स नव्याने बांधणे, पोस्टग्रेसचे ‘व्हॅक्यूम फुल’, विषाणूतपासणी ही सगळी मंडळी मध्यरात्री बारा किंवा एकलाच जागी होतात, कारण प्रत्येकाने क्रॉनमध्ये तीच सोपी वेळ लिहिलेली असते. ‘व्हॅक्यूम फुल’ पूर्ण टेबल नव्याने लिहिते. स्नॅपशॉट उभा असताना ते चालले तर कोणतेही मोजमाप पुरणार नाही. बॅकअप सव्वादोनला सरकवणे हा बिनपैशाचा आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय आहे. फाइली नुसत्या वाचल्या तरी वाचनवेळेची नोंद बदलते आणि तीही स्नॅपशॉटला जागा खायला लावते; ‘नोएटाइम’ने माउंट केले की तो खर्च वाचतो, बीटीआरएफएसवर तर हे कराच.

पाळत ‘डीएफ’वर ठेवून भागणार नाही. एलव्हीएमचा व्हीफ्री, थिन पूलचे दोन्ही साठे, बीटीआरएफएसची न वाटलेली जागा, झेडएफएस पूलची उपलब्ध जागा आणि आयनोड, यांतले जे तुम्हाला लागू असेल त्याची सूचना मोबाइलवर यायला हवी, आणि ती रात्रीच्या बॅकअपच्या काळातही मोजली जायला हवी. दुपारी दोनला घेतलेले मोजमाप पहाटे दोनच्या तंगीबद्दल काही सांगत नाही.

शेवटी, विसरलेले स्नॅपशॉट. स्क्रिप्ट मध्येच मेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि मागच्या मंगळवारचा स्नॅपशॉट तसाच उभा राहिला, तर तो दर तासाला जागा खात राहतो आणि मूळ व्हॉल्यूमचे लिखाणही मंद करतो. स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावून ती मध्येच फसली तरी पुरावा नोंदवून स्नॅपशॉट काढला जाईल अशी व्यवस्था करा. आणि नवा घेण्याआधी जुना आहे का ते तपासा. असेल तर तो आपोआप उडवून पुढे जाऊ नका. थांबा, सूचना पाठवा, आणि माणसाने बघितल्यावरच तो काढा, कारण कालचा बॅकअप पूर्ण झाला नव्हता याची ती एकमेव खूण असू शकते.